भानूमावशींची पिकअप

भानूमावशी रोज सकाळी गाडीत बसण्याआधी गाडीचा वास घ्यायच्या. मढच्या कोळीवाड्यातून त्यांची मासळी कांदिवलीच्या बाजारात पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मी पिकअपच्या मागे बर्फाच्या पेट्या लावत असलो की त्या बॉनेटभोवती एक फेरी मारत, चाकापाशी वाकत आणि पापलेटचा कल्ला उचलून बघावा तशा गंभीर चेहऱ्याने दोनदा नाक ओढत. मग म्हणत, "चल." सुरुवातीला मला हसू यायचं.

गाडी त्यांच्या नवऱ्याने घेतलेली, चांगली तेरा-चौदा वर्षं वापरलेली. तो गेल्यावर सगळ्यांनी विकायला सांगितली, पण मावशींनी ड्रायव्हर शोधला. मी तेव्हा कुरियरच्या ऑफिसातली कारकुनी सुटून घरी बसलो होतो. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनची वर्दी चढवली होती, त्यामुळे कुठलंही काम हलकं नाही हे घरात सांगायची गरज नव्हती. मावशींनी मला एकच विचारलं, मासळीच्या वासाने डोकं दुखतं का? मी नाही म्हणालो. पुढचे तीन आठवडे डोकं दुखत होतं.

बाजारात त्यांचा हात चाले, तोंड कमी. एखादं गिऱ्हाईक भावावरून चिडलं की त्या गप्प बसून कोळंबी धुवत राहायच्या. मी एकदा मध्ये बोलायला गेलो तर मला म्हणाल्या, "तापल्याशी बोलू नये. आधी निवू दे." पाच मिनिटांनी तेच गिऱ्हाईक पिशवी पुढे करायचं.

मे महिन्यात मानखुर्दला त्यांच्या नात्यात लग्न होतं. हळदीच्या जेवणाची सगळी मासळी मावशी देणार होत्या. त्याच्या दोन दिवस आधी गाडीचा वास घेताना त्या थबकल्या. गोड वास येतोय म्हणाल्या. इंजिनचं पाणी बघितलंस का, असंही विचारलं. मी हो म्हणालो. खरं तर आठवडाभर मी बॉनेट उघडलंच नव्हतं. इंजिन थंड ठेवायला त्या पाण्यात घालतात त्या कूलंटला गोडसर वास असतो हेही मला माहीत नव्हतं.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही मासळी घेऊन आरे कॉलनीच्या रस्त्याने मानखुर्दला निघालो. मधल्या चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मी मावशींना काही बोललो नाही, पंधरा-वीस मिनिटांत पवई येईल म्हणून दामटत राहिलो. एका वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि मला गाडी बाजूला घ्यावीच लागली. उतरलो, फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवायला हात घातला, तोच मावशींनी माझं मनगट धरलं. मासे साफ करून घट्ट झालेला हात होता तो. सुटेना.

"आत उकळता हाय. तोंडावर येल तुझ्या."

झाडाखाली आम्ही पाऊण तास बसलो. पेट्यांमधून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. तिकडे मानखुर्दला आचारी वाट बघत होता. ते ठिबकणं ऐकवेना, म्हणून मी सांगून टाकलं. मावशी, मी पाणी बघितलंच नव्हतं. आठवडाभर नाही.

मावशींनी उठून गळणाऱ्या पेटीचं झाकण दाबून बसवलं. मग विचारलं, "खोटा का बोललास?"

"काम जाईल म्हणून."

"मना एवढा घाबरतोस?" त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "मग माझी पन चूक हाय."

त्यांनी तिथूनच नवरीच्या बापाला फोन लावला. तो फोनवर ओरडत होता ते मला बाजूला ऐकू येत होतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की गाडी माझी, पाणी मी बघितलं नाही, उशीर होईल पण मासळी येईल. माझं नावही घेतलं नाही.

इंजिन निवल्यावर बघितलं तर रेडिएटरला जोडलेल्या वरच्या रबरी पाइपाला अगदी टोकाशी चीर गेली होती. मावशींनी मासे कापायची सुरी पुढे केली. मी चिरलेलं टोक कापून टाकलं, पाइप पुन्हा चढवला आणि पट्टी आवळली. जवळच्या पाड्यातल्या एका बाईने दोन हंडे पाणी दिलं. मावशींनी तिच्या टोपलीत बोंबील घातले. पाणी भरलं, गाडी चालू केली, दहा मिनिटं नुसते उभे राहिलो. ठिबकलं नाही. मग काट्यावर नजर ठेवून हळूहळू मानखुर्दला पोचलो. मावशी तिथल्या बायकांत बसून शेवटची कोळंबी सोलेपर्यंत उठल्या नाहीत. नवरीच्या बापाने आम्हा दोघांना आग्रह करून वाढलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नवा पाइप आणि नवं कूलंट घातलं. त्यानंतर बॉनेट मी रोज उघडायचो. चार वर्षं ती गाडी चालवली, तिची सगळी दुखणी शिकलो, आणि त्याच जोरावर एका दुधाच्या कंपनीत अकरा गाड्यांची देखभाल माझ्याकडे आली. सांगायला बाजारात गेलो. मला वाटलं, मावशी रागावतील किंवा रडतील. त्यांनी पापलेट कापता कापता वर बघितलं.

"आता अकरा ड्रायव्हर तुना घाबरतील," त्या म्हणाल्या. "घाबरला का माणूस लपवतो. कोणी चूक सांगायला आला तर आधी त्याला बसव."

मावशींना जाऊन आता दीड वर्ष झालं. मागच्या आठवड्यात आमचा एक ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. काटा लाल झाला तरी गाडी दामटली, इंजिन बसलं बहुतेक, असं त्याने खाली बघत सांगितलं.  मी उठलो आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.