हलव्याचा हार आणि ढील

येवल्याच्या मुलीला संक्रांतीच्या दिवशी घरात बसवणं म्हणजे छळ आहे, छळ! आमच्याकडे त्या दिवशी अख्खं गाव पतंग घेऊन घराच्या धाब्यावर. आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची आमची लाकडी फिरकी, वडिलांनी मला शाळेत घालायच्या आधी हातात दिली होती. पेच लढवताना मी भावांनाही दाद द्यायची नाही.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन नाशिक रोडला आले. कॉलनीतलं घर, वर ऐसपैस गच्ची. माणसं चांगली, पण भारीच गोड. "राहू दे हं, मी करते." "तू बस हं." एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं, तरी सासूबाई म्हणाल्या, "छान झालीय." मला मेलं पाहुण्यासारखं वाटायचं. जिथं कुणी रागावतच नाही, ते घर आपलं कसं वाटणार, सांगा! न्हाणीघरात नळ सोडून मी रडून घ्यायची.

पहिली संक्रांत आली. सुनेला काळी साडी, हलव्याचे दागिने, संध्याकाळी हळदीकुंकू. सासूबाईंनी शेगडीसमोर बसून हलवा स्वतः केला होता. एकेक दाणा काटेदार, पांढराशुभ्र. हार ओवून त्यांनी तो दुपारीच माझ्या गळ्यात घातला, फोटोसाठी. मग म्हणाल्या, "आता तू बस हं."

बसते कसली! गच्चीवरून आरोळ्या येत होत्या आणि सगळ्या समोरच्या इमारतीच्या. "काटाऽऽ!" परत "काटाऽऽ!" आमचे पतंग एकामागून एक चालले होते. चहा द्यायचं निमित्त करून मी वर गेले. बघते तर हे विहिरीतून बादली ओढावी तसा मांजा ओढतायत आणि सासरे चक्री धरून हताश उभे.

"अहो, ढील द्या, ढील! ओढताय काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुमान मांजा माझ्या हातात दिला. चहा निवला तिथंच.

समोरचा लाल पतंग आमच्यावर चढून आला. मी पेच घेतला आणि ढील सोडली. सासरे भराभर चक्री सोडत होते. बोटांतून मांजा सुर्रकन जात होता. काय सांगू, माहेरी गेल्यासारखं वाटलं! एवढ्यात छातीशी लोंबणारा मांजा हाराच्या काट्यांत अडकला, दोरा कचकन कापला गेला आणि हलवा गच्चीभर सांडला.

मी घाबरून हाराला हात घातला. त्याच हातात मांजा होता. ढील थांबली आणि आमचा पतंग गेला.

मागे वळले तर जिन्याच्या दारात सासूबाई. मला हळदीकुंकवाला बोलवायला आलेल्या. पायाशी त्यांचा हलवा आणि मी जीव मुठीत धरून उभी. आता म्हणतील, "असू दे हं." नाही तर तोंडातून शब्द न काढता खाली जातील. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"अगं, धरलास कशाला?" त्या अशा कडाडल्या, की समोरच्या गच्चीवरचे लोकही वळून बघायला लागले. "चांगली ढील चालली होती! हार काय, परत ओवला असता! आणि मांजा असा गळ्याशी घेतात? अक्कल आहे की नाही? माहेरी निफाडला माझ्या हातून असा पतंग गेला असता, तर भावांनी जेवू दिलं नसतं मला!"

सासूबाईंनी पदर खोचला, सासऱ्यांच्या हातातली चक्री घेतली.

"दुसरा पतंग बांध. आता मध्येच धरलास तर बघ!"

बायका खाली खोळंबल्या होत्या. मी पतंगाला मांजा बांधत होते आणि डोळे वाहत होते. हे जवळ येऊन हळूच म्हणाले, "अगं, आई रागावली म्हणून रडतेस?"

मी "हो" म्हटलं. त्या घरात आल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.