मोठ्या आवाजाचा खोकला

आमच्या घरात खोकला होता तो वडिलांचा. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी तो सुरू व्हायचा आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना त्यानंच जाग यायची. आईही खोकायची, पण पदर तोंडाशी धरून, हळू. तिचा खोकला कोणी मोजत नव्हतं. मी बातमीदार आहे. मीही मोजला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर तेलुगू बोलणारं. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आता घरी असतात. आई लग्नाआधीपासून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. कारखान्याचा माल पुरा झाला की उरलेल्या भुग्यातून ती वडिलांसाठी थोड्या विड्या वळायची. त्या ते तिच्या शेजारी बसूनच ओढत. पानांची कातरण वाया जाऊ नये म्हणून अंघोळीच्या पाण्याखाली चुलीत जाळली जाई. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हेच चालतं.

या हिवाळ्यात वडिलांचा खोकला वाढला आणि आईनं त्याचा दोष स्वतःकडे घेतला.

"मी वळून दिल्या म्हणून ओढल्या त्यांनी."

"तू दिल्या नसत्यास तर विकत आणल्या असत्या, अम्मा."

"विकत आणायच्या म्हटल्यावर कमी ओढल्या असत्या. तुझ्या बापाचा हात खिशात जातो का लवकर?"

वडिलांना शुक्रवार पेठेतल्या छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. आई सोबत आली. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. वडील खोकत वर पोचले. आई जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबली. चप्पल नीट करतेय, असं ती म्हणाली. चप्पल नीटच होती, हे मला दिसत होतं. मी वडिलांच्या मागे वर गेलो. आई मागाहून आली.

डॉक्टर बाई होत्या. कफाचा रंग, ताप, वजन, भूक, सगळं त्यांनी विचारलं. टीबी नाही ना, हे बघायला छातीचा फोटो काढला. तो स्वच्छ निघाला. मग फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा लावून, नळी ओठांत घट्ट धरून, छातीतली सगळी हवा एका दमात बाहेर काढायची. तंत्रज्ञ मुलगी ओरडत होती, "फुंका काका, फुंका, सोडू नका!" वडील लाल होईपर्यंत फुंकत राहिले.

"वयाच्या मानानं बरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "श्वासनळ्यांना सूज आहे, कफ त्यामुळं होतो. विडी आजपासून बंद."

वडिलांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. "बघितलंस?" ते आईकडे वळले. "इंजिन अजून चालू हाय."

डॉक्टरही आईकडेच बघत होत्या. "काकू, तुम्ही वर आल्यापासून एक वाक्य पुरं बोलला नाहीत. आलाच आहात तर तुम्ही पण फुंका."

"मला काय झालंय? मी ह्यांच्यासंगं आले."

परक्या माणसांसमोर गाल फुगवायची तिला लाज वाटली. दोनदा ती हसली आणि हवा ओठांच्या कडेनं निघून गेली. वडिलांना राहवलं नाही.

"अगं, फुंक की! चुलीत फुंकर मारताना लई जोर येतो, हितं लाजतीस व्हय?"

डॉक्टरांनी विचारलं, "घरी चूल आहे?"

उत्तरं वडीलच देत गेले. चूल आहे. कातरण जाळतो. तंबाखू तीच चाळते. खोली एकच, खिडकी नाही. विडी ओढतो तिथंच, तिच्याजवळ बसून. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

आईनं नीट फुंकलं. मग तिला पंपातून औषध देऊन थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. आकडे फारसे बदलले नाहीत. दम्यात अशा औषधानंतर बहुतेकदा बराच फरक पडतो, डॉक्टर म्हणाल्या. इथं नळ्या कायमच्या आकसल्यात. हवा आत जाते, पण बाहेर यायला वेळ लागतो. त्याला सीओपीडी म्हणतात.

"पण तिनं कधी विडी ओढली नाही," मी म्हणालो.

"विडीचा धूर दोघांनी घेतला. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर काकूंनी एकट्यांनी घेतला. गेलं ते परत येणार नाही. पुढचं नुकसान कमी करता येईल."

खाली उतरल्यावर वडिलांनी मला बाजूला घेतलं. "दोघांचे कागद अदलाबदल झाले नसतील ना?"

नाही, मी म्हणालो. रिक्षात त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

औषध म्हणजे कॅप्सूल होत्या आणि त्या घालून ओढायचं एक छोटं यंत्र. दवाखान्यात डॉक्टर ते कसं वापरायचं हे दाखवत होत्या तेव्हाच मला ऑफिसचा फोन आला होता. मला माहीत आहे, मी घरी समजावतो, असं सांगून मी बाहेर गेलो. घरी मी एवढंच सांगितलं, "सकाळी एक, संध्याकाळी एक." यंत्र वडिलांच्या हातात दिलं आणि कामावर गेलो.

वडिलांनी हे काम अंगावर घेतलं. चूल फोडली, पाणी गॅसवर तापवायला लागले. विडी नाक्यावर जाऊन ओढायची आणि चूळ भरून घरात यायचं, असं सुरू झालं. कॅप्सूलची वेळ एकदाही चुकली नाही. तरी आईचा दम तसाच होता. नळापासून घरापर्यंत कळशी आणताना ती मध्येच खाली ठेवायला लागली.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "औषध कसं घेता, दाखवा."

वडील सरसावून बसले. पाकिटातून कॅप्सूल काढली, पाण्याचा ग्लास मागितला आणि दोन्ही आईच्या हातात दिले.

"गिळता?" डॉक्टरांनी विचारलं. "आणि यंत्र?"

"ते लई दम लागला तर. कपाटात जपून ठेवलंय की."

"काका, पोटात गेलं तर हे औषध छातीत काम करत नाही. कुणी सांगितलं नाही?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगेन याची ते वाट बघत होते. मग तेच म्हणाले, "माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

मीही त्यांना तसंच म्हणू दिलं.

आता आई यंत्रातूनच औषध ओढते. श्वास आत धरून ठेवायचा असतो, तेव्हा वडील समोर बसून तेलुगूत आकडे म्हणतात. महिन्याभरात कळशी एका दमात घरापर्यंत यायला लागली. पण सूप सोडायला ती तयार नव्हती. दिवसभर बसून काय करू, असं विचारायची. त्यावर वडिलांनी काही वाद घातला नाही. एका सकाळी त्यांनी सूप उचललं, दाराबाहेरच्या ओट्यावर नेलं आणि स्वतःच्या मांडीवर घेतलं. पुरुष माणूस विड्या वळतोय म्हणून गल्लीतल्या बायका बघायला आल्या.

"काय मामा, बदली झाली व्हय?"

"बढती हाय," वडील म्हणाले.

त्यांच्या विड्या सैल होतात. कारखान्यात निम्म्या नाकारल्या जातात. आई लांब, उंबऱ्यात बसून नुसता दोरा बांधते आणि त्यांना शिव्या घालते. परवा तिनं काम थांबवलं.

"अहो, ठेवा ते सूप. आता तुमची छाती जाईल."

"माझी चांगली निघालीय की," वडील म्हणाले आणि पुढचं पान उचललं.

ती मग दोराच बांधेना. दोघांनाही थांबवायला हवं होतं, आणि ते सांगणारा घरात मी एकटाच होतो. मी आत जाऊन एक जुना टॉवेल फाडला आणि दोघांच्या नाकातोंडावर बांधायला घेऊन आलो.