आवळा, धरा, सोडा!

सत्तरच्या दशकात मी हुमनाबाद भागातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायकांना व्यायाम शिकवायचं काम माझ्याकडं. विषय दार लावून, कुजबुजत बोलायचा. पण एकदा दार लागलं की बायका असं काही बोलायच्या, की आमच्या डॉक्टरीणबाई पदर तोंडाला लावायच्या. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

व्यायाम साधा. लघवी रोखताना धरतो तसं आतून घट्ट धरायचं, वर ओढायचं, दहा मोजायचे, सोडायचं. श्वास मात्र चालू ठेवायचा.

*

हळ्ळीखेडच्या एका बाईंना मी सांगितलं, "दिवसातून तीन वेळा, दहा-दहा आवळा."

आठ दिवसांनी तोंड वाकडं करत आल्या. "सिस्टर, रोजचे तीस आवळे! दात आंबले की ओ!"

तेव्हापासून 'आवळा' हा शब्दच मी सोडला!

*

संतपूरच्या शांताबाई आल्या. "मला काय न्हाई. जावेला त्रास हाय, तिच्यासाठी विचारायलेय."

मी सगळं नीट समजावलं. तीन महिन्यांनी हसत परत आल्या.

"जाऊ कशी आहे?"

"लई फरक! आता शिंकले तरी लुगडं भिजत न्हाई माझं!"

*

एक नवरा तणतणत आला. "बायको व्यायाम करायलेय म्हणती. हात हलंना, पाय हलंना, नुसती बसती! ह्यो कसला व्यायाम?"

"आतला आहे. आणि तिनं भरली घागर उचलायची नाही."

"मग पाणी कोण आणायचं?"

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "तुम्हाला हात-पाय हलणारा व्यायाम हवाय ना? तो तुम्ही करा!"

*

सगळ्यांनाच व्यायाम पुरायचा नाही. काहींना अंग वर धरून ठेवणारी रिंग आत बसवावी लागायची, काहींना ऑपरेशनला बीदरला पाठवायचो. पण तिसऱ्या बाळंतपणानंतर आलेल्या महादेवीचं अंग थोडंच उतरलं होतं. तिला व्यायामानं गुण येणार, अशी माझी खात्री होती. अडचण एकच. सासू शंकरव्वा तिला दवाखान्यात येऊ देईना. मग मीच घरी गेले.

शंकरव्वा कोपऱ्यात तूर पाखडत बसली होती. "कामून आलीस बाई? सात बाळंतपणं झाली माझी. वीस वर्सं झाली माझं अंग खाली येतंय, कुणाला बोलले न्हाई. ह्या आजकालच्या पोरींची सगळी थेरं!"

मी महादेवीला बसवलं. "धर घट्ट. एक... दोन... तीन..."

आठवर पोचले तेवढ्यात दारातून कुणीतरी हाक मारली. मी मोजायची थांबले. महादेवीनं सुटकेचा निःश्वास टाकत धरलेलं सोडलं.

कोपऱ्यात सूप कधीचं थांबलं होतं. शंकरव्वा ताठ बसली होती, डोळे मिटून.

"सोडलीस कामून गं?" ती सुनेवर खेकसली. "दोन राहिलेत अजून!"