पाठ फिरवून प्यायचा चहा

"भाभी, अक्का उठ नै रई..." अक्काच्या मदतीला राहणाऱ्या रहिमतबीचा फोन आला तेव्हा मी दुकानात गल्ल्यावर बसले होते आणि समोरचं गिऱ्हाईक ज्वारी तळहातावर घेऊन दाणा बारीक असल्याची कुरकुर करत होतं. मी त्याला ज्वारी मापून दिली, पिशवीचं तोंड बांधून दिलं आणि मग आत जाऊन दुपारचे आडवे झालेल्या ह्यांना उठवलं. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही हे मला ठाऊक होतं. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. ती आता उठणार नाही हे तिनंच मला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. नुसतं तोंडानं नव्हे, रीतसर परीक्षा देऊन सांगितलं होतं. त्या परीक्षेबद्दल लिहायचं म्हणूनच हा लेख लिहिते आहे. आणखी एक, अक्काला आम्ही सगळे समोर अहो-जाहो करायचो आणि पाठीमागे अगं-तुगं. हा लेख पाठीमागचा आहे, तेव्हा एकेरीच लिहिते.

गेला महिनाभर जो भेटायला येतो तो मला सांगतो, अक्का म्हणजे मुक्या जनावरांची माऊली. मोबाइलवर तिच्या फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आहे. खरं सांगू? अक्काला कुत्री आवडायची नाहीत. तिनं एखादं कुत्रं मांडीवर घेतलंय, त्याचं तोंड कुरवाळतेय असं मी कधी पाहिलं नाही. आमच्या घरी आली की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावायची आणि म्हणायची, "लई वास मारतंय गं, शैले. लोकं पलंगावर घिऊन कशी झोपत्यात की!" कुत्रं रस्त्यात तडफडत पडलंय आणि माणसं त्याला वळसा घालून भाजी आणायला चालली आहेत, हे दिसलं की तिला राग यायचा. टाकलेल्या, आजारी कुत्र्यांसाठी काढलेली तिची सगळी संस्था त्या रागावर उभी होती. मायेवर उभी असती तर सहा महिन्यांत कुलूप लागलं असतं.

अक्का मूळची मैंदर्गीची. घरात कानडी, शाळेत मराठी. पुढं सोलापुरात सरकारी दवाखान्यात नर्स झाली, लग्न केलं नाही, धाकट्या भावाला शिकवलं, त्याला दुकान घालून दिलं आणि त्याचं लग्न माझ्याशी लावून दिलं, ज्याबद्दल ती मला अधूनमधून 'सॉरी' म्हणायची. रिटायर झाल्यावर तिनं अक्कलकोट रोडच्या बाजूला बंद पडलेल्या यंत्रमागाची एक शेड भाड्यानं घेतली. पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात आत भट्टी. शेजारचा टॉवेलवाला विणताना बिघडलेले टॉवेल द्यायचा, त्यांच्या पट्ट्या व्हायच्या. मी दुकानातून ज्वारी पाठवायची, रहिमतबी तिथंच राहून तिच्या कडक भाकऱ्या करायची. पापडासारख्या त्या भाकऱ्या महिना महिना टिकतात, आणि पाण्यात चुरल्या की कुत्र्यांचं जेवण तयार. बाकी देणगी म्हणाल तर वाढदिवसाला कुत्र्यांबरोबर फोटो काढायला येणारी पोरं आणि लग्नातला आंबलेला पुलाव. पुलाव घेऊन आलेल्या एका जावईबापूंना अक्कानं फाटकातच विचारलं होतं, "ह्यो तुमी खाताव का आता? न्हाय ना? मग आमच्या कुत्र्यास्नी कशापाई?"

पहिल्याच उन्हाळ्यात शेडमध्ये रक्ताची हगवण शिरली. पिल्लांना होतो तो रोग. आठ-दहा पिल्लं एकदम पडली, आणि सलाइनच्या बाटल्या होत्या दोन-तीनच. तेव्हा अक्का अजून माणसांत होती. तिनं जे होतं ते सगळ्यांना सारखं वाटलं. रात्रंदिवस बसून थेंब थेंब वाटलं... एकही वाचलं नाही. शेवटचं पिल्लू गोणपाटात गुंडाळून बाहेर आली तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अर्दं अर्दं वाटलं, शैले. सगळी पुरी मेली." त्या दिवसापासून तिनं नियम केला.

नियम असा. नवीन आजारी कुत्रं आलं की त्याच्यापुढं जर्मनच्या पातेल्यात पाण्यात चुरलेली कडक भाकरी ठेवायची. दूध नाही, रस्सा नाही. मी एकदा म्हटलं, थोडं दूध घाला की, तर म्हणाली, "दूद घातलं तर मेलेलं बी जीब काडतंय." मग त्याला कानडीत सांगायचं, "एळ, ऊट माड." ऊठ, जेव. कुत्र्यांशी ती कानडीतच बोलायची, माणसांशी मराठीत, आणि भांडायची दोन्हींत. एवढं बोलून झालं की कुत्र्याकडं पाठ करून पायरीवर बसायचं आणि एक कप चहा प्यायचा. बघत बसायचं नाही. "बघत बसलं की आपुन त्येला मनातनं ढकलतो," असं तिचं म्हणणं. चहा संपला की वळायचं. कुत्रं उठून पातेल्याशी आलं असेल तर औषध, सलाइन, डॉक्टर, जे असेल ते सगळं त्याला. नसेल आलं तर सावली, पाणी आणि अंथरायला बिघडलेला टॉवेल. दुखणं फार असलं तर गुरांचे डॉक्टर येऊन शेवटचं इंजेक्शन देऊन जायचे.

आणि नाव. जगणाऱ्या कुत्र्यांना अक्का नावं ठेवायची नाही. सगळीच 'ए' आणि 'बा'. नाव मिळायचं ते फक्त नापास झालेल्याला. "जानाऱ्याला येवडं तरी आसावं," म्हणायची. ऐकायला गोड वाटतं ना? ती नावं कुणाची असायची ते ऐका. ज्या ज्या नातेवाइकानं संस्थेला मदत करतो म्हणून सांगून तोंड फिरवलं, त्याचं नाव. आमचे सगळे चुलत सासरे त्या शेडमध्ये एकदा तरी वारले आहेत. ह्यांनी एकदा टेम्पो पाठवायला उशीर केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मला फोन. "तुझा नवरा गेला गं पहाटं. आता तितं बसलाय त्येला च्या दे."

तिचा सगळ्यात वाईट दिवस मी पाहिला तो एका लॅब्राडोरचा. नव्या फ्लॅटांतले एक साहेब गाडीतून त्याला घेऊन आले. पिवळट, थोराड, तोंड पांढरं झालेलं, अंगावर गोचीड आणि अंगात ताप. "आम्ही शिफ्ट होतोय, तिकडं परवानगी नाही," साहेब म्हणाले. अक्का म्हणाली, "आईवडलांस्नी बी आनलंय का गाडीत? हाय जागा." साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. गाडी गेली आणि ते कुत्रं फाटकाकडं तोंड करून बसलं. पातेलं मागं. अक्कानं चहा घेतला. वळली, तर ते तसंच, फाटकाकडं. मी म्हटलं, "अक्का, हे आजारी आहे म्हणून नाही, वाट बघतंय म्हणून खात नाही. ह्याला वेगळा न्याय लावा." ती म्हणाली, "आत ती काळी पडलीया. ती उटली हाय, खाल्ली हाय. हिची बाटली काडून ह्येला लावू? सांग की. तू सांगशील तसं करती." काळी जगली. लॅब्राडोरला अक्कानं साहेबांचं नाव दिलं, आणि चौथ्या दिवशी साहेबांना फोन लावून सांगितलं, "नमस्कार. तुमी आज दुपारी वारलासा." मी बाजूलाच होते. पलीकडून फोन ठेवल्याचं ऐकू आलं. अक्का हसली नाही, मीही नाही.

मला हा नियम कधी पटला नाही. भाकरीपुढं जीव तोलायचा म्हणजे काय? भुकेपेक्षा मोठी दुखणी असतात. काही जनावरं घाबरून खात नाहीत, काही रुसून. मी हे तिला तोंडावर सांगायची आणि ती म्हणायची, "मग दुसरं काडून दे की मोजमाप. म्या वापरती." माझ्याकडं दुसरं मोजमाप नव्हतं. नुसता राग होता, आणि राग तर तिच्याकडंही होता, माझ्याहून जास्त.

मागच्या दिवाळीनंतर तिचं जेवण कमी झालं. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण शरीर किती साथ देईल सांगता येत नाही. हे रडकुंडीला आले. दुकान बंद ठेवतो, पुण्याला नेतो, तिथं मोठे डॉक्टर आहेत... अक्का शेडमागच्या तिच्या खोलीत खाटेवर पडून सगळं ऐकत होती. हे बोलायचे थांबले तशी म्हणाली, "पुन्याला न्हेशील. आदी पातेलं लाव."

आम्हाला वाटलं, चेष्टा. पण ती चेष्टा नव्हती. ह्यांनी कानावर हात ठेवले आणि बाहेर निघून गेले. मी भांडले. मी म्हटलं, "तुम्ही कुत्रं आहात का?" ती म्हणाली, "न्हवं. म्हनून तर कळतंय." रहिमतबीनं कडक भाकरी चुरून आणली, त्याच पातेल्यात, पाण्यातच. मी ते खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवलं. "एळ, ऊट माड," असं म्हणायला मला सांगितलं तिनं. मी ते कानडी शब्द म्हटले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग ती म्हणाली, "पाट फिरवून बस. च्या घे. गरम गरम गिळू नगंस, सावकाश पी."

मी दारात पाठ करून बसले. इतका बेचव चहा मी आयुष्यात प्याले नाही. अर्धा कप झाला असेल आणि मागून आवाज आला. पातेलं हलल्याचा. मग चपचप, चपचप, खाल्ल्याचा. मी नियम मोडून वळले. तीन पायांचं एक म्हातारं कुत्रं तिच्या खाटेखाली असायचं, ते पातेल्यात तोंड घालून खात होतं, आणि अक्कानं खाटेवरून हात खाली सोडून पातेलं त्याच्यासाठी धरलं होतं. "वाया कशाला घालवायचं," ती म्हणाली. तिनं एक घास घेतला नव्हता. तोंडाला लावलासुद्धा नव्हता. मी रडायला लागले, तर माझ्यावर ओरडली, "च्या संपव तुझा. अर्दा टाकू नगंस."

मी चहा संपवला. मग तिनं विचारलं, "नाव काय ठिवतीस?" मी म्हटलं, "अक्का आहे की नाव." "ते समदीच म्हनत्यात. ते नाव न्हवं." तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्या बाईला नावानं हाक मारणारं माणूस आता पृथ्वीवर राहिलं नव्हतं. आईवडील गेले, चुलते धरून मोठे सगळे गेले, दवाखान्यात ती सिस्टर आणि घरात अक्का. मी तिचं पाळण्यातलं नाव म्हटलं, "कस्तुरी." तिनं डोळे मिटले. पुन्हा पुण्याचा विषय आमच्यात निघाला नाही, आणि आठवड्यानं रहिमतबीचा तो फोन आला. तिला मैंदर्गीला घरच्या शेतात माती दिली.

आता सगळे मला विचारतात, शेडचं काय करणार? कुणी म्हणतं, अक्कांच्या नावानं पुरस्कार सुरू करा. कुणी म्हणतं, सभा घेऊ, मोठा फोटो लावू. एक कुत्रं घरी नेतो म्हणणारा मात्र अजून कुणी आलेला नाही. हे म्हणतात, बंद कर, आपलंही वय झालं. मी म्हणते, करते की, एवढी आत आहेत ती मार्गी लागली की करते. पण फाटकाला ते सांगून कळत नाही. आज सकाळी कुणीतरी पोत्यात घालून एक तांबडं कुत्रं फाटकाशी टाकून गेलं. गाडीनं उडवलेलं. मागचे दोन्ही पाय नुसते पडून आहेत, पण डोळे उघडे आहेत. आत दोन कुत्र्यांना सलाइन चालू आहे. दोन्ही उठून खाल्लेली, आणि उरलेल्या बाटल्या त्यांच्या वाटणीच्या आहेत.

संपादकांनी लेख मागितला तो मी घरी बसून लिहीन असं त्यांना वाटलं असेल. मी शेडच्या पायरीवर बसून लिहिते आहे. पाठीमागं ते तांबडं कुत्रं आहे आणि त्याच्यापुढं जर्मनचं पातेलं आहे, पाण्यात चुरलेली भाकरी. कानडीत सांगून झालं आहे. चहा संपला त्याला बराच वेळ झाला. अक्काच्या हिशोबात ते केव्हाच नापास झालं, आणि मला अजून वळवत नाही. जेवढा वेळ मी इथं बसेन तेवढा वेळ मी आतल्या दोघांच्या तोंडचा काढून ह्याला देते आहे, हे मला कळतं, अक्का. तुम्ही असता तर एव्हाना टॉवेल अंथरून मोकळ्या झाला असता. रहिमतबी दारातून बघून गेली. तिला मी किटली घेऊन यायला सांगितलं. दुसरा कप तुम्ही कधी घेतला नाहीत, मी आत्ता भरून घेतला आहे. मागून आवाज नाही. नाव मी अजून ठेवलेलं नाही.