जावेची ओटी आणि दुसऱ्याचं धोतर

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

आम्ही पुसेगावहून माहूरला पायी निघालोय. सामान टेम्पोत असतं. मी खताच्या रिकाम्या गोणीची पिशवी शिवली, ओळखायला लाल चिंधी बांधली. तीच अक्कल बऱ्याच जणांना सुचलेली! आज मुक्कामावर पिशवी उघडली, तर आत धोतर आणि तंबाखू.

"माय, देवीनं यंदा तुला धोतर नेसवलं!" बाया हसल्या. मला मात्र रडू आलं. माझ्या पिशवीत जावेची ओटी होती. पायाच्या ऑपरेशनमुळे तिला चालता येत नाही, म्हणून तिनं माझ्या हाती पाठवलेली.

सगळीकडे शोधलं. शेवटी झाडाखाली एक आजोबा दिसले, माझ्याच पिशवीवर बसलेले.

"बाबा, उठा! त्यात देवीची ओटी हाय!"

"आरं देवा! तरी म्हटलं, आज धोतर काहून टोचून राहिलं!" बिचाऱ्यांनी कान धरले.

साडी, खण, नारळ, सगळं शाबूत आहे. तेवढ्यात जावेचा फोन आला. "माझी ओटी बराबर हाय ना?"

मी "व्हय" म्हणून बसले.

तेव्हापासून चैन नाही. जिच्यावर माणूस बसला, ती ओटी देवीला कशी वाहू? आणि तुम्हीच सांगा, इथं नवी घेऊन वाहिली, तर ती जावेची राहील का?