वावराचा फोटो
तापलेल्या मशीनमधल्या धुळीचा वास आला की दारव्ह्यातलं एक बियाणं-तक्रार केंद्र आठवतं. खराब बियाण्यानं नासलेल्या पिकांचे फोटो पुरावा म्हणून ठेवायला तिथल्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. फाईल इथल्या डिस्कवर असो की नागपूरच्या, मागायची पद्धत एकच. ती कुठं आहे हे कुणाला कळायची गरजच नाही, याचा मला केवढा अभिमान! एकदा शेजारच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून उडणारी रुई सर्व्हरच्या पंख्यात अडकली, मशीन तापलं आणि डिस्क गेली. फोनची लाईन बंद असल्यानं नागपूरला प्रत पोचलीच नव्हती. पडद्यावर उमटलं, 'फाईल सापडली नाही.' कपाशीची तक्रार नोंदवलेल्या समोरच्या बाईनं विचारलं, "मंग माह्या वावराचा फोटो कुठं हाय?" मी म्हणालो, "कुठंच नाही. नवा काढून आणा." "पऱ्हाटी तं उपटून टाकली, साहेब. आता फोटो कायचा काढू?" माझं सॉफ्टवेअर आजही ठिकाण विचारत नाही. ती बाई विचारते.