धुळे आवृत्तीतली चूकदुरुस्ती

बातम्या देण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ही एक बातमी मी कुणालाच दिली नाही. घरी नाही, कचेरीत नाही. ज्याच्याबद्दल ती आहे त्याला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो आहे. का, ते मलाही नीट कळलेलं नाही. क्रमाने सांगतो. तेवढी एक सवय मला नोकरीने लावली.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जळगावच्या एका दैनिकात मी उमेदवारी करत होतो आणि कायम होण्याची वाट पाहत होतो. खेळाचं पान माझ्याकडे होतं – म्हणजे क्रिकेटने उरवलेली जागा माझ्याकडे होती. त्या हिवाळ्यात शहरातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. फुटबॉल आमच्याकडे रेल्वेच्या वसाहतींत खेळला जायचा. केळी-कपाशीच्या गावांतून आलेली अकरा पोरं अंतिम सामन्यात, ही बातमी होती. सामना धुळ्याला, रविवारी दुपारी. संपादक म्हणाले, स्वतः जाऊन या.

मी गेलो – बसस्टँडपर्यंत गेलो. तिथे माझे तीन मित्र एका उघड्या जीपमध्ये बसलेले, मागे वांग्यांचं पोतं. आसोद्याकडच्या मळ्यात भरीत होतं. "धुळ्याला काय बघणार आहेस? चेंडू गोल आहे का ते?" एकाने विचारलं. धुळ्याची बस समोर उभी होती. मी जीपमध्ये चढलो.

आता इथे पश्चात्तापाचं एखादं वाक्य यायला हवं, नाही का? पण खोटं कशाला लिहू? तो दिवस फार सुंदर गेला. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर काळी पडत जाणारी हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचल्या जाणाऱ्या मिरच्या, कळण्याच्या पुऱ्या. मी अकरा पुऱ्या खाल्ल्या. एक संघभर, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही हसत सुटलो.

साडेपाचला कचेरीत आलो. प्रतिनिधी परतायला उशीर झाला तर निकाल हाती असावा, म्हणून सामना संपला की कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी धुळ्याहून कचेरीत ट्रंक कॉल करायचा, असं आधीच ठरलं होतं. फोन आला. मीच उचलला, नाव सांगितलं नाही. मागे आरडाओरडा, कुणीतरी ताट बडवत होतं. सर ओरडले, "जिंकलो! दोन-शून्य! दोन्ही पाटीलनेच मारले!" मी विचारलं, "कोणत्या पाटीलने?" आणि लाइन गेली.

संघात चार पाटील होते. त्यातला मला एकच ठाऊक होता – प्रल्हाद, साक्रीकडचा, उंचापुरा, कचेरीसमोरच्या टपरीवर रोज चहाला यायचा. मी पुन्हा फोनची वाट पाहिली का? नाही. लिहून टाकलं. 'आमच्या प्रतिनिधीकडून, धुळे' असं वर, आणि खाली प्रल्हाद पाटीलने डाव्या बगलेतून मुसंडी मारत बचावफळी कशी भेदली, त्याचं वर्णन. बातमी पहिल्या पानावर चौकटीत लागली. संपादकांनी सकाळी पाठीवर थाप मारली. "सामना डोळ्यांपुढे उभा केलात," म्हणाले.

प्रल्हाद मधल्या सुट्टीतच आला. हातात अंक. तो बचावातला खेळाडू, फुल बॅक. त्याला हसू आवरत नव्हतं. "भाऊ, मी ते आपला गोलपासी उभा व्हतू. मी कव्हय मारात गोल?"

गोल हिरालालने मारले होते. हिरालाल पाटील, यावलकडचा, बुटका, केळीवाल्या घरातला. दोन्ही गोल कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोकं लावून. डावी बगल नाही, मुसंडी नाही, काहीच नाही. मी प्रल्हादला म्हणालो, मी लांब झाडाखाली बसलो होतो, बनियनवरचे आकडे दिसले नाहीत. चूकदुरुस्ती छापू. तो म्हणाला, छापा, नाहीतर हिऱ्या मला चहा पाजायला लावेल.

दोन ओळींची चूकदुरुस्ती. लिहायला एक मिनिट. पण ती संपादकांपुढून जाणार. ते विचारणार, सामना पाहणाऱ्याला खेळाडू कळला नाही? आणि मग बाकीचंही निघणार. मला त्या महिन्यात कायम करायचं होतं. आज नको, उद्या लिहू, असं म्हणता म्हणता आठवडा गेला. कुणी मागितलीही नाही. कॉलेजात तो विनोद झाला होता – हिरालाल प्रल्हादला 'डावी बगल' म्हणून हाक मारायचा, इतकंच.

मग मुंबईहून पत्र आलं. तिथल्या एका कंपनीचा फुटबॉल संघ होता. खेळायचं आणि कंपनीतच नोकरी. आमच्या अंकातलं कात्रण कुणीतरी तिकडे पोचवलं होतं. चाचणीसाठी प्रल्हाद पाटीलला बोलावणं. ताबडतोब, म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा सोडून.

वसतिगृहाच्या ओट्यावर शेंगा फोडत संघाने ठरवलं. मीही होतो, मला त्यांनी पाहुणा म्हणून बोलावलं होतं, माझ्याच बातमीने पत्र आलं म्हणून. जावं की पदवी घ्यावी? सर म्हणत होते, पदवी आयुष्यभर पुरते. बाकीचे म्हणत, गुडघे आयुष्यभर पुरत नाहीत, आत्ताच जा. प्रल्हाद म्हणाला, अरे पण बोलावणं माझं नाहीच, हिऱ्याचं आहे. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

हिरालालनेच सोडवलं. "तू जाय रे. तिथी गेला का सांग त्याईले, अजून एक पाटील हाये म्हनून. मी मांगून येतो." आणि पत्राचं कळल्यावर गावाहून आलेले प्रल्हादचे वडील, आबा, म्हणाले, "परीक्षा पुढला साल बी येई. तू जाय."

स्टेशनवर सगळा संघ आला होता. ताटं, शिट्ट्या, केळीचा एक अख्खा घड डब्यात कोंबलेला. गाडी सुटताना हिरालाल फलाटावरून धावत ओरडत होता, "डावी बगल! डाव्या बाजूनं उतरजो!" मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं. तसं नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं.

चाचणीत प्रल्हादने पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं. गोल मी मारलेले नाहीत, मी मागे खेळतो. ते लोक हसले, त्याला मागे उभा केला, आणि त्याच्या पुढून कुणाला जाता येईना. घेतला त्याला. आणि निघताना प्रशिक्षकाने विचारलं, मग गोल मारणारा कुठे आहे? त्याला पाठवा. पण कोण कुणाचं नाव सांगतं ते आम्हाला माहीत नाही. या वेळी त्याच्या नावाचं कात्रण बरोबर पाहिजे. महिनाअखेरपर्यंत.

हे सगळं प्रल्हादच्या पोस्टकार्डात होतं. ते घेऊन हिरालाल आणि सर कचेरीत आले. हिरालाल माझ्या टेबलापुढे उभा, केस तेल लावून बसवलेले, सोबत केळ्यांची फणी. "भाऊ, ते चूकदुरुस्तीचं कात्रण द्या ना बापा."

छापलेलीच नव्हती. तेव्हाही छापता आली असती, त्या दिवशीसुद्धा. महिनाअखेरीला बारा दिवस होते. मी काय म्हणालो, ते शब्द मला पाठ आहेत. मी म्हणालो, "छापली की! धुळे आवृत्तीत. सामना धुळ्याचा होता ना."

आमची धुळे आवृत्ती वेगळी निघायची. आधी छापून गाडीने जायची, जळगावात कुणी ती पाहत नसे. म्हणून तर सुचलं. सर म्हणाले, हो का, बरं झालं. आणि हिरालाल – त्याने मला मिठी मारली. टेबलावरून वाकून. शाईची बाटली कलंडली. "म्हंजे माह्यं नाव धुळ्याच्या पेपरात आलं?" मी हो म्हणालो. त्याने मागितलं तर नव्हतंच, पण मी आणखी एक सांगितलं: त्या आवृत्तीची फाइल धुळ्याच्या कचेरीत असते, आणि ती सध्या बांधणीला गेली आहे.

दुसऱ्या दिवशी तो धुळ्याला गेला. कात्रण शोधायला. हे मला तो परत आल्यावर कळलं, आणि त्याने ते इतक्या रंगात सांगितलं की टपरीवरचे सगळे जमले. त्याने तीन रद्दीवाले पालथे घातले. आग्रा रोडवरच्या एका सलूनवाल्याने जुन्या अंकांचा गठ्ठा पुढे टाकला आणि वर फुकट दाढी करून दिली. एका वाण्याच्या दुकानात त्याने बांधलेल्या पुड्या उलट्यासुलट्या करून वाचल्या. वाणी म्हणाला, बाबा, डाळ घे नाहीतर हो बाजूला. तिथून जाताना एका मैदानावर पोरं खेळत होती, एक गडी कमी होता. हा चपला काढून उतरला. तीन गोल मारले. त्यांनी त्याला रात्रीच्या जेवणाला ठेवून घेतलं आणि सकाळी बसमध्ये बसवून दिलं.

"भाऊ, सापडला नाही," तो मला म्हणाला. तक्रार म्हणून नाही, कौतुकाने. "धुळ्याची लोकं तुमचा पेपर रद्दीत टाकत नाईत, दिसतं. जपून ठेवता."

अजून आठ दिवस होते तेव्हा. मी मोजले होते.

मी छापली नाही. महिना संपला. सर म्हणाले, कात्रणाशिवायच जा, पायात चेंडू आहे तो दाखव. हिरालाल दोन दिवस बॅग भरून बसला आणि मग त्याने ती सोडली. म्हणाला, प्रल्हादने एकदा सांगितलं, खोटं नाव आलं होतं; आता मी कागदाशिवाय उभा राहिलो तर ते त्यालाच लबाड समजतील. त्याची नोकरी नवी आहे. असा विचार त्याने केला. तो परीक्षेला बसला, पास झाला आणि यावलकडे बागेत गेला. त्याच महिन्यात मी कायम झालो. कचेरीत पेढे वाटले. पेढा घ्यायला हिरालाल आला नव्हता, एवढंच काय ते बरं – असं मला वाटलं होतं. हे वाटणंही लिहून ठेवतो.

तो दुःखी झाला का? तुम्ही हे विचाराल. नाही झाला, किंवा मला दिसला नाही. पण त्याचा आनंद ही माझी बाजू नव्हे. तो त्याने स्वतः उभा केला. गावाबाहेर केळीची कापणी झालेल्या मोकळ्या रानात तो दरवर्षी फुटबॉलची स्पर्धा भरवू लागला. बांबूचे गोलपोस्ट, चुन्याऐवजी राख. आठ-नऊ वर्षांनी एकदा त्याने मला बोलावलं. प्रल्हादही मुंबईहून आला होता, पोट सुटलेला, तरी मागे उभा राहिला की अजून भिंत. गाव लोटलं होतं. बायका बांधावर, म्हातारे बैलगाडीवर, गोल झाला की सगळ्यांची एकच आरोळी. हिरालालने तिशी गाठलेल्या गड्यांचा एक सामना लावला आणि त्यात डोक्याने एक गोल मारला. तसाच, कोपऱ्यावरून आलेला. मी तो प्रकार पहिल्यांदाच पाहत होतो. चेंडू येताना तो जमिनीवरून नाहीसा झाल्यासारखा वर गेला. काय सुंदर उडी होती ती! दहा ओळींत मावली नसती.

बक्षिसं वाटायला मला माइकपाशी नेलं. हिरालालने ओळख करून दिली: हे पेपरवाले भाऊ, ह्यांनी आपलं नाव छापलं होतं. गर्दीतून कुणीतरी त्याच्याच वयाचा माणूस ओरडला, "हिरालाल, नऊ वर्सं झाली ऐकतोय! कोन्या पेपरात? दाखव तरी एकदा!" लोक हसले. हिरालालही हसला. घामाने निथळत, छाती वर-खाली होत होती. "धुळ्याच्या पेपरात," तो म्हणाला. "माह्यावर इश्वास नसंन तर भाऊले विचारा."

त्याने माइक माझ्यापुढे धरला.

"हो," मी म्हणालो. "छापलं होतं."

पहिली टाळी हिरालालने वाजवली.